मुलाचं न्यू जर्सीतलं घर आणि ‘आपले लोक तिकडे घेत नाहीत’

वाचकाचं पत्र :

मी डोंबिवलीची. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले, शेवटची बरीच वर्षं गृहकर्ज विभागात गेली. मुलगा आणि सून न्यू जर्सीत असतात, नातू पुढच्या वर्षी शाळेत जाईल. मुलाचं ऑफिस फिलाडेल्फियात, म्हणून ते बर्लिंग्टन काउंटीत घर शोधत होते. विलिंगबरो नावाच्या गावात त्यांना एक घर आवडलं. मागे मोठं अंगण, किंमत आवाक्यातली. डाउन पेमेंटसाठी आम्ही दोघं काही रक्कम देणार आहोत. मग तिथल्या एका ओळखीच्या मराठी एजंटचा मला मेसेज आला : ‘काकू, ती काळ्यांची वस्ती आहे, आपले लोक तिकडे घेत नाहीत. माउंट लॉरेल नाहीतर मूर्सटाउन बघायला सांगा.’ मी मुलाला सांगितलं, तिथेच घ्यायचं असेल तर आमचे पैसे धरू नकोस. त्यावर सून म्हणाली, ‘आई, हे रेसिस्ट आहे.’ तेव्हापासून आमचं नीट बोलणं नाही.

मी आयुष्यात कोणाचा रंग बघून वागले नाही. मला दिसते ती नातवाची शाळा, घराची सुरक्षितता आणि उद्या विकायला काढलं तर येणारी किंमत. आणि खरं सांगते, आपली मुलंही रिकाम्या हातांनीच गेली ना तिकडे? कष्ट करून उभी राहिली. बाकीच्यांना कोणी अडवलं होतं? मी खरंच रेसिस्ट आहे का?

— एक आई, डोंबिवली

ताई,

तुमच्या मनात कोणाबद्दल द्वेष नाही, हे पत्रावरून दिसतं आणि मला ते पटतं. तरीही तुम्ही घातलेली अट वंशभेदाची आहे, आणि ती तुम्ही मागे घ्यावी असं मला वाटतं. ही दोन्ही वाक्यं एका दमात लिहिली म्हणून रागावू नका. वंशभेद चालू राहायला द्वेषाने पेटलेली माणसं लागतातच असं नाही. कर्जाचे नियम, जमिनीचे नियम, शाळेचा पैसा कुठून येतो ते, आणि आपल्या लेकरांची काळजी करणारी भली माणसं, एवढ्यावर तो पिढ्यानपिढ्या चालतो. तुमच्या मुलाने निवडलेलं गाव या सगळ्यातून गेलेलं आहे. एजंटने सुचवलेलं माउंट लॉरेलही. म्हणून तुम्हाला या दोन गावांबद्दल जरा सविस्तर सांगते. तुम्ही गृहकर्जाच्या टेबलावर बसलेल्या आहात, तेव्हा कर्जापासूनच सुरुवात करू.

महामंदीत अमेरिकेत लोकांची घरं जप्त होऊ लागली, तेव्हा १९३३ मध्ये तिथल्या सरकारने होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन स्थापन केलं. १९३५ ते १९४० या काळात या संस्थेने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे बनवले आणि प्रत्येक वस्तीला प्रत दिली : हिरवी, निळी, पिवळी आणि लाल. लाल म्हणजे कर्ज द्यायला धोकादायक. कृष्णवर्णीय कुटुंबं राहत असलेली वस्ती जवळजवळ नेहमी लाल व्हायची, मग घरं कितीही नीटनेटकी असोत. १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन आलं. बँकेने दिलेल्या गृहकर्जाचा विमा हे सरकारी खातं उतरवायचं, त्यामुळे बँका थोड्या डाउन पेमेंटवर लांब मुदतीचं कर्ज द्यायला तयार व्हायच्या. या खात्याच्या मूल्यांकनाच्या नियमपुस्तकात लिहिलेलं होतं की वस्तीत न जुळणारे वांशिक गट शिरू नयेत, हे बघा. ‘निगेटिव्ह एरिया’ म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. अर्जदाराचा पगार, परतफेडीची नोंद, काहीही न बघता फक्त पत्त्यावरून बाजूला पडणारं प्रकरण कसं असतं, हे गृहकर्जात काम केलेल्या माणसाला माहीत असतं. तिथे हे देशाचं लेखी धोरण होतं आणि सुमारे तीन दशकं चाललं.

यातून काय झालं, ते तुम्हाला हिशेबानेच दिसेल. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना घरासाठी, धंद्यासाठी, शेतीसाठी सरकारी हमीचं कर्ज मिळायचं. १९४७ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या शहरांत अशी ३,२२९ कर्जं दिली गेल्याची नोंद आहे. त्यातली कृष्णवर्णीय सैनिकांना मिळाली फक्त २. युद्ध तेच, गणवेश तोच. गोऱ्या सैनिकाने त्या कर्जातून घर घेतलं, घराची किंमत वाढत गेली, त्यावर मुलांची कॉलेजं झाली आणि पुढे मुलांच्या घरांचं डाउन पेमेंटही निघालं. कृष्णवर्णीय सैनिक भाड्याच्या खोलीत राहिला आणि त्याच्या मुलांनी शून्यापासून सुरुवात केली. २०२२ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने केलेल्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती २ लाख ८५ हजार डॉलर निघाली आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५ हजार. पगारातला फरक यापेक्षा पुष्कळ कमी आहे. पगार एका पिढीचा असतो, घर मात्र पुढच्या पिढीच्या हातात जातं. तुम्हीही मुलाला तेच देताय : मागच्या पिढीची बचत, पुढच्या पिढीच्या घरात.

आता विलिंगबरो. डेलावेअर नदीकाठच्या या शेतजमिनीवर लेव्हिट अँड सन्स या बिल्डरने १९५८ पासून अख्खं उपनगर उभं केलं आणि गावाला आपलंच नाव दिलं, लेव्हिटाउन. अशी गावं त्याने आधी न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियातही वसवली होती, आणि त्याचं धोरण उघड होतं : घर फक्त गोऱ्यांना. एका कृष्णवर्णीय लष्करी अधिकाऱ्याने इथे घर मागितलं, त्याला नकार मिळाला. तो राज्याच्या भेदभावविरोधी विभागाकडे गेला. १९६० मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने लेव्हिटच्या विरोधात निकाल दिला. त्यातला मुद्दा तुम्हाला आवडेल. या घरांच्या कर्जाला सरकारी विमा आहे, म्हणजे सरकारचं पाठबळ आहे, आणि सरकारच्या पाठबळावर उभ्या राहणाऱ्या वसाहतीत वंश बघून गिऱ्हाईक नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. ज्या विम्याच्या जोरावर देशभर गोऱ्यांची उपनगरं उभी राहिली, त्याच विम्याने इथे दार उघडलं.

कृष्णवर्णीय कुटुंबं राहायला आली : शिक्षक, सैनिक, कारखान्यातले कामगार. १९६० मध्ये गावात गोरेतर माणसं साठच्या आसपास होती, १९७० मध्ये पाच हजारांवर गेली, म्हणजे लोकसंख्येच्या ११.७ टक्के. तेवढ्यावर कुजबुज सुरू झाली की भाव पडणार. अशा कुजबुजीवर त्या काळी अमेरिकेत एजंट पोट भरत. एका घरी कृष्णवर्णीय कुटुंब आलं की शेजारच्या गोऱ्या घरांची दारं वाजवायची, घाबरवून घर स्वस्तात विकायला लावायचं आणि तेच घर कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला चढ्या भावाने विकायचं. अंगणाअंगणात ‘विकणे आहे’च्या पाट्या दिसल्या की उरलेल्यांचाही धीर सुटायचा. म्हणून विलिंगबरोच्या नगरपालिकेने १९७४ मध्ये एक वेगळाच ठराव केला : घरापुढे ‘विकणे आहे’ अशी पाटीच लावायची नाही. गोरं आणि कृष्णवर्णीय कुटुंब शेजारी राहावं, यासाठी ती नगरपालिका खरंच धडपडत होती. १९७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा ठराव रद्द केला. निकाल लिहिला थरगुड मार्शल यांनी, ज्यांनी वकील म्हणून शाळांतल्या वंशभेदाविरुद्धचा सर्वांत मोठा खटला जिंकला होता. उद्देश महत्त्वाचा आहे, हे त्यांनी मान्य केलं, पण त्यासाठी लोकांपासून माहिती दडवता येणार नाही, असं म्हटलं. गोरी कुटुंबं जात राहिली. आज गावात कृष्णवर्णीयांची मोठी बहुसंख्या आहे. ऑलिंपिकमध्ये नऊ सुवर्णपदकं मिळवणारा कार्ल लुईस याच गावात वाढला, इथल्याच हायस्कूलमध्ये शिकला.

तर ‘काळ्यांची वस्ती’ अशी झाली. बिल्डरने ती गोऱ्यांची ठरवली होती, न्यायालयाने ती सगळ्यांची केली आणि घाबरून निघून गेलेल्यांनी ती एका समाजाची केली. तुमच्या एजंटचा मेसेज याच रांगेत पुढे उभा आहे, ताई. गिऱ्हाइकाला वस्तीतल्या लोकांच्या वंशावरून एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे वळवणं १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने बेकायदेशीर आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात त्या कायद्यावर सही झाली. न्यू जर्सीचा स्वतःचा भेदभावविरोधी कायदा तर १९४५ चा आहे. तरी हे चालतं. शेजारच्या लाँग आयलंडवर न्यूजडे या वृत्तपत्राने खोटे गिऱ्हाईक पाठवून एजंटांची तपासणी केली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापले. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना ४९ टक्के वेळा गोऱ्यांपेक्षा वेगळी वागणूक मिळाली, लॅटिनो गिऱ्हाइकांना ३९ टक्के वेळा. आणि आशियाई गिऱ्हाइकांना १९ टक्के वेळा. म्हणजे तुमच्या मुलाबद्दलही कुठल्यातरी एजंटने कुठल्यातरी गोऱ्या कुटुंबाला ‘तिकडे हल्ली इंडियन फार झालेत’ असं सांगितलेलं असू शकतं.

तुमच्या तीन काळज्यांपैकी किमतीची काळजी अगदी खोटी आहे, असं मी म्हणणार नाही. ब्रूकिंग्ज संस्थेने २०१८ मध्ये दाखवलं की घर तसंच, आसपासच्या सोयी तशाच, तरी कृष्णवर्णीयबहुल वस्तीतल्या घराची किंमत सरासरी २३ टक्क्यांनी कमी लागते. घरामागे सुमारे ४८ हजार डॉलर. तुमच्या मुलाला अंगणासकट घर ‘आवाक्यात’ मिळतंय, त्यात हाही वाटा असणार. विकताना हीच सूट त्याला द्यावी लागेल, हा धोका आहेच. पण ही सूट विटांमुळे पडत नाही, पडते ती तुमच्यासारख्या प्रत्येक खरेदीदाराने ‘तिथे नको’ म्हटल्यामुळे. जे घर स्वस्तात घेतलं आणि पंधरावीस वर्षं वापरलं, त्याचा हिशेब कसा मांडायचा, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. तो आकड्यांनी मांडा आणि मुलाला द्या. तो सल्ला झाला. ‘तिथे घेतलंस तर पैसे नाहीत’ हा सल्ला होत नाही.

सुरक्षिततेचं थोडक्यात सांगते. लिंकन क्विलियन आणि देवाह पेजर या समाजशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये शिकागो, सिअ‍ॅटल आणि बाल्टिमोर इथल्या माहितीवरून एक गोष्ट दाखवली. वस्तीत कृष्णवर्णीय तरुण जितके जास्त, तितकी तिथे गुन्हेगारी जास्त आहे असं लोकांना वाटतं. प्रत्यक्ष गुन्ह्यांचे आकडे लक्षात घेऊन तुलना केली, तरीही वाटतं. म्हणून या बाबतीत आपल्या अंदाजावर विसंबू नये. गावोगावचे पोलिसांचे आकडे प्रसिद्ध होतात. मुलाला ते बघू द्या. एका संध्याकाळी त्या रस्त्यावरून चालून येऊ दे, शेजारच्यांशी बोलू दे.

शाळेचा प्रश्न मात्र मोठा आहे, आणि तिथेच माउंट लॉरेल येतं.

न्यू जर्सीत ५६४ नगरपालिका आहेत आणि जवळजवळ प्रत्येक गावाचा आपला शाळा-जिल्हा. शाळेचा मोठा पैसा येतो घरपट्टीतून, जी तिथे सरासरी वर्षाला ९ हजार डॉलरच्या वर जाते. महागडी घरं असलेल्या गावाला कमी दराने जास्त पैसा मिळतो, स्वस्त घरांच्या गावाला जास्त दर लावूनही कमी. मग प्रत्येक गावाला वाटतं, आपल्याकडे महागच घरं बांधली जावीत. ते ठरवायचं हत्यार म्हणजे झोनिंग : एवढ्या मोठ्या प्लॉटवर एकच घर, इमारतींना परवानगी नाही. या नियमात वंशाचा एक शब्दही नसतो. ज्यांच्या आजोबांना कर्ज मिळालं नव्हतं, ते आपोआपच बाहेर राहतात.

माउंट लॉरेलने नेमकं हेच केलं. साठच्या दशकात तिथल्या शेतांवर उपनगर वाढत होतं. तिथे पिढ्यानपिढ्या राहणारी कृष्णवर्णीय कुटुंबं होती, त्यांतली काही कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यांत डागडुजी करून राहायची. एथेल लॉरेन्स या तिथल्याच जुन्या घराण्यातल्या बाईने आणि इतरांनी ३६ साध्या घरांची एक इमारत बांधायची परवानगी मागितली. १९७० मध्ये महापौरांनी चर्चमध्ये जमलेल्या या लोकांना सांगितलं की इथे राहणं परवडत नसेल तर तुम्हाला गाव सोडावं लागेल. त्या लोकांचे पूर्वज महापौरांच्या कितीतरी आधीपासून त्या मातीत राबले होते. एथेल लॉरेन्स कोर्टात गेल्या. १९७५ मध्ये आणि पुन्हा १९८३ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की राज्यातल्या प्रत्येक वाढत्या गावाने कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आपल्या वाट्याची घरं होऊ दिली पाहिजेत. अमेरिकेत जमीन आणि घरं यांचा कायदा शिकवताना आजही माउंट लॉरेलचं नाव घेतलं जातं. प्रत्यक्ष घरं मात्र २००० साली उभी राहिली. एथेल लॉरेन्स १९९४ मध्येच वारल्या. वसाहतीला त्यांचं नाव आहे, घरं १४०.

बांधकामाच्या आधी आसपासच्या लोकांनी तुमच्यासारख्याच काळज्या मांडल्या होत्या : गुन्हे वाढतील, कर वाढेल, आमच्या घरांचे भाव पडतील. प्रिन्स्टन विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढची दहा वर्षं तपासली. आसपासच्या वस्तीत गुन्हेही वाढले नाहीत, करही नाही, भावही पडले नाहीत. आणि तिथे राहायला आलेल्या मुलांना अभ्यासाला शांत घर आणि बऱ्या शाळा मिळाल्या. एजंटने सुचवलेल्या माउंट लॉरेलमध्ये आज चांगल्या शाळा आहेत, हे खरं. त्या शाळांच्या दारापर्यंत कोण पोचणार, यावर तिथे तीस वर्षं भांडण झालं, हेही तितकंच खरं.

आता नातवाचं. वेबसाइटवर शाळेच्या नावापुढे जे दहापैकी अमुक असं रेटिंग दिसतं, ते प्रामुख्याने परीक्षेतल्या गुणांवरून येतं. आणि गुणांची सरासरी बहुतांशी आईवडिलांचं उत्पन्न आणि शिक्षण सांगते. शाळा काय शिकवते, हे बघायचं असेल तर तेच मूल वर्षभरात किती पुढे गेलं, ते बघावं लागतं. स्टॅनफर्डचे शॉन रीअर्डन यांनी देशभरातल्या शाळांचे निकाल असे तपासले. गरीब मुलं बहुसंख्य असलेल्या शिकागोच्या सरकारी शाळांत मुलं तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सहा वर्षांइतकी पुढे जात होती. पुष्कळ श्रीमंत जिल्ह्यांपेक्षा हे जास्त होतं. विलिंगबरोच्या शाळाही अशाच आहेत, असं मी म्हणत नाही. तिथले गुण कमी आहेत, आणि शिक्षक टिकतात का, वर्गात मुलं किती, वाचनालय चालू आहे का, हे सगळं बघायलाच हवं. न्यू जर्सी सरकार दरवर्षी प्रत्येक शाळेचा कामगिरी अहवाल प्रसिद्ध करतं आणि त्यात विद्यार्थ्यांच्या प्रगतीचा वेगळा आकडा असतो. सुनेला सांगा, तो काढून घे. शाळा-मंडळाच्या बैठका कायद्याने सर्वांना खुल्या असतात. दोघांनी एका बैठकीला जाऊन मागच्या रांगेत बसावं. एवढं बघून ते ‘ही शाळा नको’ म्हणाले, तर तो आईबापांचा विचारपूर्वक निर्णय असेल आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. शाळा न बघता, शाळेतल्या मुलांचा रंग ऐकून घेतलेला निर्णय वेगळा असतो.

‘बाकीच्यांना कोणी अडवलं होतं,’ हे तुमचं वाक्य मला सर्वांत जास्त लागलं, कारण ते आपल्याकडच्या जेवणाच्या टेबलावर फार सहज निघतं. कोणी अडवलं, हे वर लिहिलंच. पण आपल्यालाही अडवलं होतं, हे आपण विसरलोय. वैष्णोदास बागाई नावाचे गृहस्थ १९१५ मध्ये पेशावरहून पत्नी कला आणि तीन मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला गेले. रिकाम्या हातांनी नाही, चांगले पैसे घेऊन. त्यांनी बर्कलीत घर घेतलं. सामान घेऊन पोचले तर शेजाऱ्यांनी घराला कुलपं ठोकलेली होती. तिथून ते परत फिरले. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवलं की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. बागाई यांचं मिळालेलं नागरिकत्व काढून घेतलं गेलं, दुकान विकावं लागलं. १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला. २०२० मध्ये बर्कलीने एका रस्त्याला कला बागाई यांचं नाव दिलं, ज्या गावाने त्यांना उंबरा ओलांडू दिला नव्हता त्याच गावाने.

आपल्यासाठी दार खऱ्या अर्थाने उघडलं १९६५ च्या स्थलांतर कायद्याने. वंशावर आणि मूळ देशावर आधारलेला जुना कोटा त्याने मोडला. तो कायदा १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर लगेच, त्याच वाऱ्यात मंजूर झाला. तो वारा सुटावा म्हणून ज्यांनी लाठ्या, कुत्रे आणि तुरुंग सोसले, ते बहुतांशी कृष्णवर्णीय होते. आणि दार उघडल्यावर आत कोण गेलं? शिक्षण आणि कौशल्य बघून व्हिसा देण्याची तिथली पद्धत आहे, म्हणून आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनिअर, संगणकवाले गेले. अमेरिकेतल्या प्रौढ भारतीयांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पदवीधर आहेत, देशात एकूण हे प्रमाण एक तृतीयांशाहून थोडंच जास्त. म्हणजे भारतातून निवडून घेतलेली माणसं आणि तीनशे वर्षं अडवलेला संपूर्ण समाज यांची आपण तुलना करतो. तुमच्या मुलाने कष्ट केले, यात शंका नाही. पण तो रिकाम्या हातांनी गेला नाही. आईवडील पदवीधर, घर मालकीचं, फी वेळेवर भरलेली, आणि आपल्याकडच्या सरकारी पैशावर उभी राहिलेली कॉलेजं, एवढं घेऊन तो विमानात बसला.

त्यालाही सगळे ‘आपला’ म्हणतीलच असं नाही. विलिंगबरोपासून दीड-दोन तासांवरच्या जर्सी सिटीत १९८७ मध्ये ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळक्याने कपाळावर टिकली लावणाऱ्या बायकांना हुसकून लावण्याची धमकी तिथल्या वर्तमानपत्राला पत्र लिहून दिली. त्याच सुमारास शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला मारहाण करून ठार करण्यात आलं. तो बँकेत नोकरीला होता, चांगला शिकलेला. शिक्षणाने कातडी झाकता येत नाही. आपल्याकडे हे बाबासाहेबांइतकं कोणी सोसलं? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, आणि त्या अख्ख्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. जात लपवून एका धर्मशाळेत राहिले, तर लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. त्यांना सामान उचलावं लागलं. घर नाकारणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला अमेरिकेतून शिकायची गरज नाही.

म्हणून सुनेशी बोला. तिचा शब्द तुम्हाला लागला, कारण तो तुमच्या स्वभावावर आलाय असं तुम्हाला वाटलं. ती बहुधा तुमच्या अटीबद्दल बोलत होती. ‘मी तशी नाही’ हे सिद्ध करायला बसू नका. तिला विचारा की तुला हे गाव का आवडलं, तू तिथे कोणाकोणाशी बोललीस. ती सहा महिने घरं बघत फिरली असेल आणि तुम्ही अजून तिला एक प्रश्न विचारलेला नाही. एजंटला मात्र एका ओळीत कळवा की असा सल्ला तिथल्या कायद्यात बसत नाही आणि तो मला पुन्हा पाठवू नकोस. तो ओळखीचा असला तरी कळवा. त्याच्याकडे परवाना आहे, आणि राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे अशी तक्रार गेली तर त्याला उत्तर द्यावं लागेल.

घराबद्दल तुमची बँकेतली नजर वापरा, तिथे तुमचा उपयोग खूप आहे. लेव्हिटची ती घरं साठीच्या घरातली आहेत. छप्पर, हीटिंग, नळाचे पाइप, सांडपाण्याची लाइन, सगळं तपासून घ्यायला सांगा, आणि घरपट्टीचा गेल्या काही वर्षांचा आकडा मागवा. डाउन पेमेंटमध्ये आईवडिलांचे पैसे असतील तर तिथली बँक गिफ्ट लेटर मागते, त्यात परतफेडीची अपेक्षा नाही असं लिहून द्यावं लागतं. ते सही करून पाठवा. इथून रक्कम पाठवताना फॉर्म ए-टू भरावा लागेल, रक्कम मोठी असल्यास टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँकेने घ्यायचा आगाऊ कर, कापला जाईल. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. घराचं क्लोजिंग, म्हणजे पैसे देऊन व्यवहार पुरा करायचा दिवस, कधी आहे ते मुलाला आजच विचारा, पैसे पोचायला थोडे दिवस हाताशी असलेले बरे.